‘ताई, पोलर अलाइनमेंट बघितलंत का?’

मला ज्या माणसाने फसवलं, त्याने मला आकाशाचे फोटो काढण्यातलं जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कुणीच शिकवलेलं नाही. हा टोमणा नाही. त्याचे बरेचसे सल्ले मी आजही पाळते. फसवणूक त्या सल्ल्यांतूनच झाली, आणि ते ध्यानात यायला मला अडीच महिने लागले.

घेतला होता जुना सेट. विषुववृत्तीय माउंट (पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाने दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवत ठेवणारा आधार), ट्रायपॉड, दोन काउंटरवेट, ५५० मिमी फोकल लेंग्थची दुर्बीण, गाइड कॅमेरा (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सतत दुरुस्त करवणारा, यालाच गाइडिंग म्हणतात) आणि सेन्सर थंड ठेवणारा रंगीत कॅमेरा. मोठं माउंट घेतलंय म्हणून हा सेट काढतोय, असं तो म्हणाला. माउंट नुकतंच उघडून साफ केलंय, ग्रीस नवीन घातलंय. व्हिडिओ कॉलवर चालवूनही दाखवलं: बटण दाबलं की दुर्बीण घरघर करत या टोकाची त्या टोकाला. सोबत देवयानी दीर्घिकेचा एक देखणा फोटो, ‘ह्याच सेटवर काढलेला’. आणि पंधरा दिवस वापरून बघा, नाही पटलं तर परत करा, असा शब्द. नुसता शब्द, लेखी काही नाही. पैसे मी आगाऊ पाठवले, एकरकमी.

पहिल्या रात्री तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम घेत होते. दोन बऱ्या आल्या, तिसरीत प्रत्येक ताऱ्याला एकाच बाजूला बारीक शेपूट. पुन्हा दोन बऱ्या, पुन्हा शेपूट. रात्री साडेअकराला मेसेज टाकला. दोन मिनिटांत उत्तर: ‘ताई, पोलर अलाइनमेंट बघितलंत का?’

म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाशी नीट जुळवणं. नव्हतंच बघितलं नीट. ध्रुवतारा म्हणजेच ध्रुव असं धरून चालले होते. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही लांब आहे, हे त्याने आकृती काढून समजावलं. मी शरमले. दुसऱ्या रात्री तासभर खपून अलाइनमेंट केलं. शेपट्या होत्या तिथेच.

मग बॅलन्स. पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअर एकाच अंगाने टेकून राहतात. मग केबल: लोंबतेय, ओढ देते, बांधून टाका. मग यूएसबी हब बदला, गाइडिंगचा जोर कमी करा, डेकमधला (उत्तर-दक्षिण फिरवणाऱ्या अक्षातला) बॅकलॅश, म्हणजे गिअरमधली ढिलाई, मोजा, ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढू नका. यातलं एकही खोटं नाही. कुठल्याही जाणत्याला विचारा, हेच सांगेल. म्हणून तर संशय आला नाही. जो माणूस रात्री एक वाजता आपल्या केबलीची चौकशी करतो, त्याच्यावर कोण संशय घेईल?

मध्ये चंद्र मोठा झाला, ढग आले. पंधरा दिवसांतल्या जेमतेम पाच रात्री हाती लागल्या, आणि प्रत्येक रात्री एकच गोष्ट बदलून बघायची, हाही त्याचाच नियम. (नियम अगदी बरोबर आहे. त्यामुळे दिवस किती खातो, ते मात्र मी मोजलं नाही.) चौदाव्या दिवशी भीत भीत विचारलं, माउंटमध्येच काही नसेल ना? ‘तीनातली एक फ्रेम सगळ्यांचीच जाते हो, ताई. वारा असतो. महिनाभर हात बसू द्या, मग बोलू. आणि झाकण मात्र उघडू नका, सेटिंग जाईल.’ हात बसू द्या! मला ते पटलंसुद्धा. नवशिक्याला स्वतःवर संशय घ्यायला फार पटवावं लागत नाही.

कोडं सुटलं ते एका ओळखीच्या काकांमुळे. ते बरीच वर्षं हाच उद्योग करतात. मी माझी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: शेपूट कुठल्या दिशेला? आणि किती वेळाने?

अडीच महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही मोजलं नव्हतं. आणि उत्तर तर लॅपटॉपमध्येच पडून होतं, कारण पीएचडी२ हे गाइडिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक रात्रीची नोंद आपोआप ठेवत असतं. काकांनी ती फाइल उघडली. आरएची, म्हणजे ताऱ्यांमागे पूर्व-पश्चिम फिरवणाऱ्या अक्षाची, रेघ बरीचशी सपाट, आणि मग एकदम सुळका. पुढचा सुळका ५९८ सेकंदांनी. त्यापुढचाही ५९८ नेच. बोट ठेवून मोजावं इतकं नियमित. वारा काही घड्याळ लावून येत नाही.

हा आकडा कुठून येतो ते सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची, म्हणजे ८६,१६४ सेकंदांची. माझ्या माउंटमधल्या मुख्य चाकाला १४४ दाते. त्या चाकाला फिरवतो तो वर्म, म्हणजे मळसूत्र कापलेला बोटभर दांडा. त्याची एक फेरी झाली की चाक एक दाता पुढे सरकतं. ८६,१६४ भागिले १४४, सुमारे ५९८. चाकाचा दाता तुटला असता तर झटका दिवसातून एकदाच बसला असता. दर दहा मिनिटांनी बसतोय, म्हणजे खोट वर्ममध्येच. थोडा डोल प्रत्येक वर्मला असतो, पण तो सावकाश असतो आणि गाइडिंग तो सांभाळून घेतं. माझा झटका दोन-तीन सेकंदांत ३५ आर्कसेकंदांचा होता (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.६३ मायक्रॉनचा, फोकल लेंग्थ ५५०, त्यामुळे एका पिक्सेलला १.७४ आर्कसेकंद पडतात. तारा वीस पिक्सेल उडी मारून पुन्हा जागेवर येत होता. तीच ती शेपूट.

पोलर अलाइनमेंट चुकलं तर असं होत नाही. तेव्हा तारा मुख्यतः डेकच्या दिशेने सरकतो, आणि सावकाश, एकाच बाजूला. अक्ष १० आर्कमिनिटांनी, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाने, चुकला तरी मिनिटाला जास्तीत जास्त अडीच-पावणेतीन आर्कसेकंद. इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसाला हा फरक ठाऊक नसेल, हे मला आता कुणी पटवू शकणार नाही.

काकांनी माउंट टेबलावर घेतलं आणि वेग ताऱ्यांच्या वेगाच्या १६ पटीवर ठेवला. या वेगाला वर्म ३७ सेकंदांत एक फेरी करतो. कान झाकणाला लावून बसले. बराच वेळ नुसती गुणगुण. मग ‘टक्’. ३७ सेकंदांनी पुन्हा ‘टक्’. व्हिडिओ कॉलवर त्याने कमाल वेगाने का फिरवलं होतं, ते तेव्हा कळलं. त्या घरघरीत असले दहा टक् बुडून जातात.

झाकणाच्या चार स्क्रूंपैकी एकाचा षटकोनी खड्डा आधीच झिजून गोल झाला होता. आत ग्रीस होतं, खरंच नवीन, पांढरं, भरपूर. कानाच्या काडीने ते पुसत गेलो तशी काडी राखाडी झाली आणि दिव्याखाली चमकायला लागली. धातूचा भुगा. वर्मच्या मधल्या दोन आट्यांवर चेपल्यासारखी खोक होती, नखाला सहज लागणारी. साफ करताना ही दिसलीच नाही, असं होणं शक्य नाही. ती दिसली म्हणूनच ग्रीस इतकं भरपूर घातलं असावं.

फोटोचं तर त्याहून सोपं निघालं. प्लेट सॉल्व्हिंग म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांची रचना ओळखून आकाशाचा कोणता आणि केवढा तुकडा आहे ते काढणं. कुणीही फुकटात करू शकतं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर १९.१ मिमी रुंद. ५५० च्या दुर्बिणीवर त्यात जेमतेम २ अंश मावतात, म्हणजे शेजारी शेजारी चार चंद्र. देवयानी दीर्घिका साधारण ३ अंश लांब आहे. त्याच्या फोटोत ती दोन्ही उपदीर्घिकांसकट अख्खी होती, आणि दोन्हीकडे काळं आकाश शिल्लक. फोटो कापून लहान करता येतो, मोठा नाही. तुकडे जोडून केला असेल म्हणावं तर त्याने आकाशाच्या एकाच तुकड्याच्या साठ फ्रेमी एकावर एक रचल्याचं सांगितलं होतं. हे गणित मी पैसे पाठवायच्या आधी पाच मिनिटांत करू शकले असते. तेव्हा फोटो बघून नुसतं ‘आई गं’ केलं.

नोंदीची फाइल, ‘टक्’चं रेकॉर्डिंग आणि आट्यांचा फोटो त्याला पाठवला. उत्तर यायला या वेळी चार दिवस लागले. ‘झाकण उघडलंत ना ताई? मग आता मी काय करणार.’ त्यानंतर काही नाही.

जुनं माउंट घेणारच असाल तर विकणाऱ्याकडून देखणा फोटो मागू नका. एकाच रात्रीच्या सलग वीस कच्च्या फ्रेमी मागा, निवडलेल्या नव्हे, सलग. आणि त्याच रात्रीची गाइडिंगची नोंद. फिट्स फाइलमध्ये (कच्ची फ्रेम जिच्यात साठते ती) वेळ, एक्स्पोजर, सेन्सरचं तापमान लिहिलेलं असतं, ते नोंदीशी ताडून बघा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. आणि माउंट हातात आल्यावर पहिल्याच मोकळ्या रात्री फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. मृगाच्या बाणातला पश्चिमेचा तारा खगोलीय विषुववृत्ताला अगदी खेटून आहे. तो किंवा तसाच एखादा याम्योत्तराजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) असताना गाइडिंगची दुरुस्ती बंद ठेवून नुसती नोंद घ्या, वर्मच्या निदान तीन फेऱ्या होईपर्यंत. अर्धा तास पुरतो. त्या आलेखात तुमची चूक वेगळी दिसते आणि यंत्राची वेगळी. कॅमेऱ्याला तर आकाशही लागत नाही: झाकण लावून, खोली अंधारी करून पाच-पाच मिनिटांच्या डार्क फ्रेमी घ्या, सेन्सर ठरल्या तापमानाला टिकतो का बघा. माझा टिकला. कॅमेरा चांगला निघाला, हेही लिहायला हवं.

त्या मॉडेलचा सुटा वर्म अजून मिळालेला नाही. काकांनी आटीवरची धार बारीक घासून दिली, झटका ३५ वरून २० पर्यंत आला, तिथेच थांबला. आता मी एक-एक मिनिटाच्या फ्रेमी घेते आणि दर दहातली एक टाकून देते. कोणती टाकायची ते फोटो न उघडताच माहीत असतं.