घरच्या कॉम्प्युटरचा आयपी बदलायचाय? आधी आतला की बाहेरचा ते ठरवा

आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता, बदलायचा म्हटलं की सल्ले लगेच सुरू होतात. कुणी म्हणतं राउटर बंद करून चालू कर, कुणी म्हणतं व्हीपीएन (आपली वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) घे, कुणी कमांड सांगतं. सल्ले चुकीचे नसतात, पण ते वेगवेगळ्या दुखण्यांवरचे असतात. घरात राउटर असेल तर कॉम्प्युटरचा संबंध दोन पत्त्यांशी येतो. एक राउटरने दिलेला, घरापुरता. दुसरा इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला, जो वेबसाइटना दिसतो.

घरातला पत्ता सहसा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होतो, क्वचित १७२.१६ ते १७२.३१ मधला असतो. खासगी नेटवर्कसाठी हे पट्टे राखून ठेवल्याचा दस्तऐवज १९९६ चा आहे. १९२.१६८.१.५ हा पत्ता या क्षणी असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असेल, आणि कुणाचं काही अडत नाही, कारण तो घराबाहेर जातच नाही. म्हणून एखाद्या साइटने तुम्हाला अडवलं असेल तर हा पत्ता कितीही वेळा बदला, त्या साइटला पत्ताही लागणार नाही. उलट प्रिंटर सापडत नसेल तर व्हीपीएनचा काडीचा उपयोग नाही.

घरातला पत्ता: कॉम्प्युटरवर टाकायचा की राउटरमध्ये बांधायचा?

इथे बहुतेकांना खरं तर पत्ता बदलायचा नसतो, तो बदलत राहू नये असं हवं असतं. नेहमीचं उदाहरण बघा. एका कॉम्प्युटरवरचं फोल्डर किंवा प्रिंटर घरातले सगळे १९२.१६८.१.७ या पत्त्यावरून वापरतात. काही दिवस तो कॉम्प्युटर बंद राहतो, दरम्यान ७ नंबर दुसऱ्याच कुणाच्या फोनला जातो, आणि परत चालू केल्यावर कॉम्प्युटरला १२ मिळतो. काहीही बिघडलेलं नसताना सगळ्यांना ‘ऑफलाइन’ दिसायला लागतं.

पहिला मार्ग म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन पत्ता स्वतः भरणं. विंडोज असो वा मॅक, चार गोष्टी लागतात: आयपी, सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, घरी बहुधा २५५.२५५.२५५.०), गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, आणि डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर. दोन मिनिटांचं काम, आणि राउटरचा पासवर्डही लागत नाही. पण राउटर स्वतः ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्यातलाच नंबर तुम्ही घेतला, तर उद्या तोच नंबर तो दुसऱ्या कुणाला देऊ शकतो. मग दोन उपकरणांचा एकच पत्ता, आणि दोघांचं कनेक्शन मधूनमधून तुटत राहतं. हा बिघाड शोधणं फार चिकट असतं. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर आपण २० घ्यावा, म्हणजे भांडणच नाही. लॅपटॉपवर आणखी एक अडचण येते. जुन्या पद्धतीने अॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ता टाकला की तो सगळ्याच वायफायला लागू होतो. मग दुसरीकडे गेल्यावर वायफाय जोडलेलं दिसतं, पण इंटरनेट चालत नाही.

दुसरा मार्ग राउटरमधला. कॉम्प्युटर ‘ऑटोमॅटिक’वरच ठेवायचा आणि राउटरच्या डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) पानावर जाऊन सांगायचं की या मॅक अॅड्रेसला, म्हणजे उपकरणाच्या हार्डवेअर ओळख क्रमांकाला, कायम हाच आयपी दे. याला रिझर्व्हेशन म्हणतात. काही राउटरवर ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ असं लिहिलेलं असतं. सगळे पत्ते एकाच यादीत दिसतात, टक्कर होत नाही, लॅपटॉप बाहेरही बिनबोभाट चालतो. माझं मत स्पष्ट आहे: राउटरच्या पानावर जाता येत असेल तर रिझर्व्हेशनच करा.

एवढं मात्र तपासा. वायफाय आणि केबल यांचे मॅक अॅड्रेस वेगळे असतात, त्यामुळे ज्याने जोडता त्याचाच नोंदवा. विंडोजमध्ये ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेस’ चालू असेल तर घरच्या वायफायपुरता तो बंद करा, नाहीतर राउटर तुमच्या कॉम्प्युटरला ओळखणारच नाही. आणि राउटर बदलला की नोंदी पुन्हा कराव्या लागतात.

कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर गोष्ट वेगळी. राउटरकडून पत्ताच मिळाला नाही, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच एक घेतलाय. हाताने पत्ता भरण्याआधी केबल, वायफाय आणि राउटर बघा. विंडोजमधल्या ‘आयपीकॉन्फिग’च्या रिलीज आणि रिन्यू या कमांड खऱ्या कामाच्या इथेच. बाहेरचा पत्ता बदलण्यासाठी त्या सर्रास सुचवल्या जातात, पण राउटरमागे बसलेल्या कॉम्प्युटरवर त्या फक्त घरातला पत्ता परत मागतात, आणि बरेचदा तोच परत मिळतो.

बाहेरचा पत्ता: राउटर रीस्टार्ट, हॉटस्पॉट की व्हीपीएन?

रीस्टार्ट फुकट आहे, म्हणून आधी तोच करून बघतात. चालेल की नाही हे कनेक्शनवर ठरतं. राउटर युजरनेम-पासवर्डने लॉगिन होत असेल, म्हणजे पीपीपीओई असेल, तर नव्या लॉगिनला नवा पत्ता मिळण्याची शक्यता चांगली. डीएचसीपी असेल तर पत्ता ठरावीक मुदतीच्या लीजवर असतो आणि राउटर साधारण अर्धी मुदत उलटली की ती वाढवून घेतो. अशा ठिकाणी मिनिटभर बंद करून उपयोग नाही. मुदत संपेपर्यंत बंद ठेवलं तरच आशा, तीही खात्रीची नाही. कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला असेल तर रीस्टार्टने काहीच होणार नाही.

पण त्याआधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवर वेगळाच आकडा येत असेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटमागे, म्हणजे कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे, आहात. आयपीव्ही४ या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गट २०११ च्या फेब्रुवारीत वाटून झाले. म्हणून कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. त्यातल्या दुसऱ्या कुणी उपद्व्याप केला तर साइट तुम्हालाही अडवू शकते. शिवाय बाहेरून घरच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा गेम सर्व्हरपर्यंत पोहोचायचं असेल तर राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे पाठवणं) इथे चालत नाही. रीस्टार्टच्या खटपटीत न पडता कंपनीकडे पब्लिक आयपी मागा.

व्हीपीएन खात्रीने आणि लगेच पत्ता बदलतं, देशही निवडता येतो. इंटरनेट कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर जाता ते दिसत नाही, पण ते आता व्हीपीएनवाल्याला दिसू शकतं. म्हणजे विश्वास कुणावर ठेवायचा एवढंच बदललं. म्हणून फुकटच्या, कोण चालवतं ते माहीत नसलेल्या व्हीपीएनपेक्षा काहीच न वापरलेलं बरं. एकेका सर्व्हरवर पुष्कळ लोक असल्याने कॅप्चा वाढतात, बँकेच्या साइट कधी अडवतात, वेगही थोडा कमी होतो. ब्राउझरमध्ये लॉगिन आणि कुकी तशाच असतील तर नव्या पत्त्यावरूनही साइट तुम्हाला ओळखतेच. प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने साइट उघडणारा मधला सर्व्हर, बहुधा ब्राउझरपुरती असते आणि स्वतःहून काही एन्क्रिप्ट करत नाही, तेव्हा गोपनीयतेसाठी ती नको. टॉर हे ओळख लपवणारं नेटवर्क तीन टप्प्यांतून वाहतूक नेतं, त्यामुळे त्या कामात पुढे, पण संथ. आणि त्याच्या बाहेर पडण्याच्या सर्व्हरची यादी जाहीर असल्याने अनेक साइट त्याला दार उघडत नाहीत.

एक गोष्ट सहज निसटते: आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. कनेक्शनवर ते चालू असेल आणि व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ सांभाळत असेल, तर जुना पत्ता दुसऱ्या बाजूने दिसतच राहतो. विंडोज आयपीव्ही६ चे तात्पुरते पत्ते आपणहून बदलत असतं, पण पत्त्याचा पुढचा भाग कंपनीने दिलेला असतो आणि तो घराकडे बोट दाखवतोच. व्हीपीएन जोडल्यावर दोन्ही प्रकारचे पत्ते दाखवणाऱ्या साइटवर जाऊन बघा. कनेक्शन तुटलं तर सगळं थांबवणारा किल स्विच असेल तर तोही चालू ठेवा.

साइटने अडवलंय म्हणून हा सगळा खटाटोप करत असाल, तर पैसे भरण्याआधी कॉम्प्युटर फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. तो पत्ता मोबाइल कंपनीचा, म्हणजे पूर्ण वेगळा. लॉगिन न करता साइट उघडली आणि लॉगिन केल्यावर पुन्हा अडवलं, तर अडवलंय ते तुमचं खातं. तिथे आयपी बदलून काही होणार नाही, त्यांच्या सपोर्टलाच लिहावं लागेल. लॉगिन करूनही सगळं सुरळीत चाललं तर अडवलेला होता तो पत्ताच, आणि मग वरच्यापैकी आपल्या कनेक्शनला लागू पडेल तो उपाय करा.