एकच फोन उघडायचा की सर्वांची कुलपे सैल करायची?

कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे 2 डिसेंबर 2015 रोजी झालेल्या गोळीबारात 14 जण मारले गेले आणि तपासात एका हल्लेखोराचा कुलूपबंद आयफोन 5सी पोलिसांच्या हाती आला. तो ज्या काउंटीच्या आरोग्य खात्यात नोकरीला होता, त्या खात्यानेच त्याला हा फोन कामासाठी दिलेला होता. फेब्रुवारी 2016 मध्ये एफबीआयने 1789 सालच्या एका कायद्याच्या आधारे ॲपलविरुद्ध न्यायालयाचा आदेश मिळवला. सरकारने फोनची नव्हे, तर खास त्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलीची मागणी केली होती. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर मजकूर पुसला जाऊ नये, दोन प्रयत्नांमध्ये सक्तीने थांबावे लागू नये आणि पासकोड बोटाने टाकण्याऐवजी यंत्राने भराभर टाकता यावा, एवढी सोय त्या आज्ञावलीने करून द्यायची होती.

ही सोय किरकोळ वाटते, पण हिशेब मांडला की तिचे वजन कळते. ॲपलच्याच माहितीनुसार एक पासकोड पडताळायला फोनला सुमारे 80 मिलिसेकंद लागतात. प्रयत्नांवरची मर्यादा उठवली, तर चार आकडी पासकोडचे सर्व 10,000 पर्याय सुमारे सव्वातेरा मिनिटांत संपतात आणि सहा आकडींचे दहा लाख पर्याय साधारण 22 तासांत. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत खरे कुलूप आकड्यांत नसून त्या दहा प्रयत्नांच्या मर्यादेत आहे, आणि नेमके तेच काढून मागितले जात होते.

ॲपलने नकार दिला. मात्र 28 मार्च 2016 रोजी सरकारने खटलाच मागे घेतला, कारण बाहेरच्या एका कंपनीने तो फोन उघडून दिला होता. त्यासाठी नऊ लाख डॉलर मोजल्याचे पुढे सिनेटर डायन फाइनस्टाइन यांच्या तोंडून बाहेर आले. अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या 2018 च्या अहवालातून तर असे दिसले की, न्यायालयात दुसरा मार्गच नाही असे सांगितले जात असताना एफबीआयच्याच एका विभागाला आपल्या ओळखीच्या कंपनीचे काम जवळजवळ तडीस गेल्याचे ठाऊक होते.

माझ्या मते या दोन मार्गांतील खरा फरक किमतीत आहे. एक फोन फोडायला वेळ, कौशल्य आणि पैसा लागतो, त्यामुळे या फोनची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न तपास अधिकाऱ्याला स्वतःलाच विचारावा लागतो. उत्पादकाकडून चोरदिंडी पाडून घेतली की दुसऱ्या फोनपासून तो प्रश्न उरत नाही. शिवाय त्या दिंडीवर पहारा कोणाचा, हाही प्रश्न आहेच. ग्रीसमध्ये 2004-05 साली दूरध्वनी कंपनीच्या यंत्रणेतील कायदेशीर टेहळणीची सोय वापरून अज्ञातांनी खुद्द पंतप्रधान कोस्तास करमानलिस यांच्यासह सुमारे शंभर जणांचे फोन ऐकले. 2024 मध्ये चिनी हॅकर अमेरिकी दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यात शिरले आणि न्यायालयीन टॅपिंगच्या यंत्रणांपर्यंत पोहोचले, तेव्हा अमेरिकी अधिकाऱ्यांनीच नागरिकांना एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय मजकूर वाचता न येणारी, संदेशसेवा वापरण्याचा सल्ला दिला.

तरीही सरकारची बाजू केवळ दंडेलीची नाही. 2015 मध्ये लुइझियानातील बॅटन रूज येथे एका गरोदर स्त्रीचा खून झाला. ती फोनमध्ये रोजनिशी लिहीत असे, पण तपास अधिकाऱ्यांना तो फोन उघडता येईना आणि तिचे कुटुंबीयच तो उघडावा म्हणून विनवत होते. त्या कुटुंबाला सुनवावा असा खासगीपणाचा युक्तिवाद माझ्याकडे नाही. पण त्यावरचा उपाय तो एक फोन फोडण्याची तपासयंत्रणेची क्षमता वाढवणे हा आहे. ब्रिटनने 2025 मध्ये याउलट वाट धरली आणि ॲपलकडे क्लाउडवरील एन्क्रिप्टेड मजकुरात प्रवेश मागितला. परिणामी फेब्रुवारीत कंपनीने आपली सर्वांत कडक बॅकअप सुरक्षा त्या देशातील ग्राहकांसाठी बंद केली. ज्यांच्यावर कसलाही संशय नव्हता, त्यांचेही कवच गेले.

भारतात तिसरी वाट जास्त ओळखीची आहे, ती म्हणजे मालकालाच फोन उघडायला लावणे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 नुसार मजकूर उलगडण्यास मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरीकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. यात बोटाचा ठसा कुठे बसतो, याचे उत्तर जुने आहे: मुंबई राज्याच्या 1961 च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींच्या पीठाने ठसे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे ठरवले. पासकोडबाबत मात्र एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये सक्तीच्या बाजूने कौल दिला, तर दिल्लीतील सीबीआयच्या विशेष न्यायालयाने 2022 मध्ये उलट मत नोंदवले. म्हणून बोट की आकडे, असा पर्याय असेल तर आकडे निवडावेत. निदान त्यांच्या बाजूने वाद तरी घालता येतो. अक्षरे व अंक मिसळलेला सहा चिन्हांचा पासकोड घेतला, तर वरच्याच हिशेबाने सर्व पर्याय तपासायला साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागतो. रोज वीस वेळा तो टाकायचा कंटाळा येणार असेल, तर बोट चालू ठेवावे आणि प्रसंगी फोन बंद करून पुन्हा चालू करावा. त्यानंतर पहिल्यांदा पासकोडच द्यावा लागतो.

बॅकअपचा निर्णय वेगळा आहे. व्हॉट्सॲपने 2021 पासून बॅकअपही एन्क्रिप्ट करण्याची सोय दिली आहे, पण पासवर्ड किंवा 64 आकडी किल्ली हरवली तर गप्पा कंपनीलाही परत आणता येत नाहीत. पत्रकार, वकील किंवा कार्यकर्ते यांनी ती जरूर सुरू करावी. ज्यांचा एटीएमचा पिन मुलगा लक्षात ठेवतो, अशा वडिलांच्या फोनवर मी ती सुरू करणार नाही, कारण त्यांना पोलिसांपेक्षा विसरण्याचा धोका मोठा आहे.

आणि फोन जप्त झालाच, तर जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनुसार झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे आणि विद्युतीय पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून काढलेला आणि मजकूर जराही बदलला की बदलणारा सांकेतिक ठसा, द्यावे लागते. ते मूल्य पंचनाम्यातही नोंदवावे, अशी मागणी सही करण्यापूर्वीच करावी, म्हणजे नंतर फोनमधला मजकूर बदलल्यास ते ताडून पाहता येते.