तीनशे फॉर्म की तीन महिन्यांचा मुक्काम?

एम.ए.चं दुसरं वर्ष, हातात चार महिने आणि विषय ठरलेला: बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं जगणं. असा विषय घेऊन निघालेल्या विद्यार्थ्यापुढे पहिला पेच पद्धतीचा पडतो. तोच पेच एखाद्या छोट्या संस्थेपुढेही असतो. प्रश्नावली छापून तीनशे घरं करायची, की एकाच टोळीबरोबर कारखान्याच्या तळावर जाऊन राहायचं? मी दोन्ही केलंय. आधी दुसऱ्यांच्या पाहणीत फॉर्म भरले, नंतर स्वतः मुक्काम करून वह्या भरल्या. माझं मत सुरुवातीलाच सांगते. ज्या गोष्टीचं माप अजून लोकांच्या तोंडून तुम्हाला कळलेलं नाही, तिथे आधी राहायला जा. माप कळलंय पण ते मान्य करायला कुणी तयार नाही, तिथे मोजा.

माप म्हणजे काय ते ऊसतोडीतच नीट दिसतं. पहिल्यांदा फॉर्म घेऊन गेले तेव्हा त्यात रकाना होता, ‘व्यक्तीची दैनंदिन मजुरी’. एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, “माझी येगळी कशी सांगू? आमचा एक कोयता हाय.” नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा, खाडा (गैरहजेरी) पडला तर पैसे कापतात तेही कोयत्याचे. ‘व्यक्ती’ हे माप तिथल्या व्यवहारात नाहीच. आम्ही काय केलं? कोयत्याच्या रकमेला दोनाने भागलं आणि दोन रकाने भरले. कागदावर ती बाई नवऱ्याइतकी कमावती झाली. प्रत्यक्षात उचल नवऱ्याच्या हातात गेली होती आणि तिने त्यातला एक रुपयाही मोजून घेतला नव्हता. तीनशे घरांत हेच झालं असतं तर ती चूक तीनशे पट पक्की झाली असती. फॉर्म वाढवून अशी चूक कमी होत नाही.

हे पाहणीचं सर्वांत मोठं दुबळेपण. तिला उत्तरं मिळतात ती तुम्हाला आधीच सुचलेल्या प्रश्नांची. सरकारी आकडेवारीतही हे दिसतं. राष्ट्रीय नमुना पाहणीत माणूस काय करतो त्याला सांकेतिक क्रमांक असतात. फक्त घरकाम करणाऱ्यांना ९२. घरकामासोबत घरासाठी सरपण आणणं, शिवणकाम, विणकाम असं काही करणाऱ्यांना ९३. हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेर मोजले जातात. जळण गोळा करायला गेलेली बाई कामावर नसते. प्रश्न बदलला की चित्र कसं बदलतं, ते २०१९च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं. ‘तुम्ही काम करता का’ असं न विचारता आदल्या दिवशी पहाटे ४ पासून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारला गेला. घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होते, पुरुषांचे ९७. शिवाय हे काम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के. माणसं तीच, देशही तोच. प्रश्न मात्र दुसरा.

पण म्हणून पाहणी टाकून द्यायची नाही. तिच्या जमेच्या बाजूला एक गोष्ट इतकी भक्कम आहे की मुक्कामाला ती कधीच जमणार नाही: तुमच्या आवडीनिवडीला तिथे वाव नसतो. यादीतून चिठ्ठ्या टाकून घरं निवडली की बोलकी बाई, हुशार पोरगा, चहा देणारं घर यांना जास्त वजन मिळत नाही. तेवढं पाळलं तर नमुना किती मोठा हवा, याचं गणित सरळ आहे. ४०० जणांच्या नमुन्यातून आलेली टक्केवारी साधारण ५ टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते, १०० जणांची १० टक्क्यांनी. चूक निम्म्यावर आणायची तर नमुना चौपट लागतो. जिल्ह्याची लोकसंख्या किती, याने यात जवळजवळ फरक पडत नाही, हे पुष्कळांना पटतच नाही. फरक पडतो तो गट पाडल्यावर. तीनशे फॉर्म भरून ‘भूमिहीन आणि अल्पभूधारक, त्यात पुन्हा जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या बायका’ असे चार तुकडे केले की प्रत्येकात ७५ उरतात. मग दोन तुकड्यांतल्या साधारण १६ टक्क्यांच्या खालच्या फरकावर काही बोलायची सोय राहत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत सर्वांत जास्त घसरगुंडी इथे होते.

आणि यादी कुठून आणणार? दिवाळीनंतर बीडमधल्या गावात गेलात तर घरी म्हातारी माणसं आणि मागे राहिलेली पोरं भेटतात. ज्यांचा अभ्यास करायचाय ती माणसं तिकडे कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात किंवा कर्नाटकात फडात असतात. तळावर जावं तर यादी मुकादमाकडे. ती मागितली की तुम्ही त्याचे पाहुणे होता आणि त्याच्यादेखत कोणीही उचलीचा खरा आकडा सांगत नाही. म्हणून पाहणीच करायची असेल तर वेळ महत्त्वाची. माणसं गावी परतल्यावर, पेरणीची घाई सुरू होण्याआधी जे थोडे आठवडे मिळतात, तेच खरे. चार महिन्यांतले बाकीचे दिवस मग छपाई, सराव आणि आकडे चढवणं यात जातात.

आठवणीच्या मुदतीबद्दलही, म्हणजे किती दिवसांमागचं विचारायचं याबद्दलही, सांगायला हवं, कारण तिच्यावरून देशात मोठा वाद झालाय. राष्ट्रीय नमुना पाहणीतून १९९३-९४ साली दारिद्र्यरेषेखालचं प्रमाण सुमारे ३६ टक्के निघालं होतं. १९९९-२००० मध्ये ते २६ टक्क्यांवर आलं. दुसऱ्या वेळी खाण्यावरचा खर्च एकाच फॉर्मवर शेजारी-शेजारी दोन रकान्यांत विचारला होता, गेल्या ७ दिवसांचा आणि गेल्या ३० दिवसांचा. ७ दिवसांचं विचारलं की एरवी खर्च जास्त निघतो. शेजारचा रकाना पाहून दुसऱ्याचं उत्तर जुळवलं गेलं असणार, म्हणून ही दोन वर्षं एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, असं अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं. गरिबी खरंच किती कमी झाली, यावर पुढे कित्येक वर्षं लेख लिहिले गेले. एवढ्या मोठ्या यंत्रणेचं असं झालं. आपण ‘गेल्या हंगामात किती टन तोडला’ असं आठ महिन्यांनी विचारतो, तेव्हा समोरून येणारा आकडा बहुतेक वेळा अंदाज असतो, आणि आपण तो दोन दशांश स्थळांपर्यंत छापतो.

आता मुक्काम. तो रोमांचक वाटतो म्हणून निवडू नका. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात साधारण अकरा महिने राहिले. गावाचं नाव त्यांनी बदलून रामपुरा ठेवलं. ‘प्रभावी जात’ ही कल्पना त्या कामातून घडली. जातीची उतरंड धर्मग्रंथात एक आणि गावात दुसरी असते, संख्या, जमीन आणि पाटीलकी तिथे बोलतात, हे कुठल्या प्रश्नावलीत आधी लिहिलेलं नव्हतं. मात्र त्यांचा मुक्काम पाटलाच्या मालकीच्या, बैल बांधायच्या घरात होता, आणि आपल्याला गाव वरच्या जातींच्या बाजूने दिसलं हे त्यांनी स्वतः मांडलं आहे. कुणाच्या ओसरीवर पथारी टाकता, यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरतं. मुकादमाच्या खोलीत राहाल तर मुकादमाची ऊसतोड कळेल. कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, राहाल तर पहाटे तीनला चूल कोण पेटवतं ते दिसेल. दिवसभर ऊस तोडून रात्री गाडी आली की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवर कोण चढतं, तेही दिसेल.

श्रीनिवासांचीच आणखी एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. १९७० साली ते अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना तिथे लावलेल्या आगीत त्यांनी मांडून ठेवलेल्या टिपणांच्या सगळ्या प्रती जळाल्या. त्यांनी पुढे गावावरचं पुस्तक मुख्यतः आठवणीतून लिहिलं. आज आग लागायला नको, फोन फडात पडला तरी पुरे. रोज रात्री टिपणं लिहा आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा.

मुक्कामाची दुसरी अडचण नैतिक आहे आणि मला ती सर्वांत जड वाटते. फॉर्ममधलं नाव बेरजेत विरघळतं. मुक्कामातलं विरघळत नाही. टोळीत बारा कोयते असतील तर ‘एका बाईने सांगितलं’ एवढं लिहिलं तरी बाराही घरांना कळतं ती कोण. संमतीचा कागद पुढे केला की लोक बिचकतात, कारण त्यांच्या अनुभवात अंगठा म्हणजे उचलीचा कागद. मी नंतर तोंडी संमती घ्यायला लागले, आणि एकदाच नाही, दर वेळी. वहीतल्या काही गोष्टी मी कधीच छापल्या नाहीत. त्या छापल्या असत्या तर माझं प्रकरण चांगलं झालं असतं आणि एका घराचं पुढच्या हंगामाचं काम गेलं असतं.

संपूर्ण गाव मोजणं ही मधली वाट पुण्याजवळ शंभर वर्षांपूर्वीच मळलेली आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या एकाच गावाचा घरोघरचा हिशेब मांडून १९१७ साली प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे, कर्ज, बाहेरची मजुरी, सगळं. आज तिथे उंच इमारती आहेत. पण एक गाव पूर्ण मोजलं की नमुन्याच्या चुकीचा प्रश्नच उरत नाही, आणि गाव छोटं असल्याने माणसंही ओळखीची होतात. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपतं. फक्त त्या एका गावावरून जिल्ह्याबद्दल बोलायचं नाही.

दोन्ही वाटा एकमेकींना कशा लागतात, याचं मला सर्वांत भिडलेलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अंगावरच्या दुखण्याची तक्रार ५५ टक्के जणींनी सांगितली. तपासणीत ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला. नुसता फॉर्म भरला असता तर ५५ हाच आकडा राहिला असता. उरलेल्या बायका खोटं बोलत नव्हत्या. बाईच्या जातीला हे असायचंच, असं जिथे धरलेलं असतं तिथे ती तक्रार होतच नाही. आणि गावाने आधी विश्वास टाकला नसता, तर त्या तपासणीला आल्याच नसत्या.

उलट बाजूचं उदाहरण बीडचंच. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बाया गावोगाव आहेत, हे कार्यकर्त्यांना आणि आशाताईंना माहीत होतं. पण ‘पुष्कळ’ या शब्दावर विधिमंडळात काही हलत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. दर सहा जणींत एक. एवढं कळल्यावर कुणाला ‘तुरळक प्रकरणं’ म्हणता आलं नाही. इथे मोजणंच हवं होतं. पिशवी काढण्यामागे खाड्याची भीती किती, डॉक्टरने दाखवलेली कॅन्सरची भीती किती आणि घरच्यांचा दबाव किती, हे मात्र त्या दोन आकड्यांत नाही. त्यासाठी पुन्हा कोपीतच बसावं लागतं.

तिसरी पद्धत, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग, हल्ली सगळे सुचवतात: मदत कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्यांनी ठरवायचं आणि दोन्ही गटांतला फरक पाहायचा. अशाच प्रयोगांसाठी दिलेल्या २०१९च्या अर्थशास्त्राच्या नोबेलनंतर जास्तच. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा प्रयोग २००१ ते २००३ मध्ये झाला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच मुलींनी रोज दोन तास शिकवलं आणि त्यांची वाचन-गणितात खरोखर प्रगती झाली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरला. ‘याने फरक पडतो का’ या एका प्रश्नाला यासारखं स्वच्छ उत्तर दुसऱ्या पद्धतीत मिळत नाही. पण त्यासाठी द्यायला काहीतरी हवं, शंभरावर शाळा किंवा गावं हवीत आणि दोन वर्षं हवीत. चार महिने आणि एक दुचाकी असेल तर हा पर्याय तुमचा नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा किंवा हंगामी वसतिगृहं चालवणाऱ्या मोठ्या संस्थेने मात्र याचा गंभीरपणे विचार करावा. जागा कमी आणि मुलं जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकणं न्यायाचंही असतं.

पैशाचं थोडक्यात. पाहणीत खर्च प्रगणकांचा आणि प्रवासाचा, तो आधी सांगता येतो, म्हणून देणगीदारांना ती आवडते. मुक्कामाला पैसे कमी लागतात, पण वेळ तुमचा स्वतःचा जातो आणि त्याची पावती मिळत नाही. परीक्षकांचं म्हणाल तर तक्ते पाहून समाधानी होणारे अजून बरेच आहेत. मार्गदर्शकांशी हे आधीच बोलून घ्या. मुक्काम करून आल्यावर ‘नमुना किती’ असं विचारलं गेलं तर उत्तर तयार हवं: हा नमुना नाही, ही एक टोळी आहे, आणि मी टोळीचं कामकाज कसं चालतं ते सांगतोय, किती टोळ्या अशा आहेत ते नाही.

चार महिनेच असतील तर मी अशी वाटणी करेन. पहिले तीन आठवडे एका तळावर, फॉर्म न नेता. नंतर एक आठवडा प्रश्न लिहायला, आणि ते प्रश्न टोळीतल्याच दोघी-तिघींना वाचून दाखवायला. त्यांना हसू आलं तर तो प्रश्न खोडायचा. मग परतीनंतर एकच गाव, घर न घर. ‘व्यक्तीची दैनंदिन मजुरी’ हा रकाना माझ्या पुढच्या फॉर्ममध्ये नव्हता. त्या जागी तीन प्रश्न होते: कोयत्यात कोण कोण, उचल कुणाच्या हातात दिली, आणि ती कशावर खर्च करायची हे ठरवताना तुम्हाला विचारलं होतं का.