किनाऱ्यावरून डायव्हिंग: आधी बूट, मग फिन्स

बालीच्या ईशान्य टोकाला, आगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याशी तुलांबेन नावाचं गाव आहे. त्याच्या किनाऱ्यावर काळ्या गोट्यांचा खच पडलेला असतो. काही गोटे आंब्याएवढे, काही नारळाएवढे, सगळे गुळगुळीत. १९४२च्या जानेवारीत जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झालेलं ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज इथे काठाला आणून लावलं होतं. १९६३ला आगुंगचा उद्रेक झाला आणि ते घसरून पाण्यात गेलं. आज ते काठापासून अगदी जवळ, साधारण ५ ते ३० मीटर खोलीत पडलेलं आहे. होडी लागत नाही, चालत जायचं. या डाइव्हमध्ये सगळ्यात अवघड काही असेल तर ते हे चालणंच.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा भाड्याने मिळालेले फिन्स (पाण्यात पाय मारायला घालायची वल्ह्यासारखी पाती) पूर्ण पायाचे होते, त्यामुळे पायात दुसरं काहीच नव्हतं. हवेने भरलेला ११ लिटरचा सिलिंडर, बीसीडी (हवा भरून तरंगण्यासाठीचं जाकीट) आणि कमरेची वजनं मिळून अंगावर २५ किलोच्या आसपास ओझं. कोरडे गोटे तापलेले, ओले शेवाळलेले. गुडघाभर पाण्यात लाट आली, तोल गेला आणि अंगठ्याचं नख उचकटलं. त्याच गोट्यांवरून गावातल्या बायका डोक्यावर सिलिंडर घेऊन चालत होत्या. त्यांच्या पायात निदान रबरी चपला होत्या.

म्हणून कुणी मला फिन्स कोणते घेऊ असं विचारलं, तर मी आधी विचारते की पाण्यात कुठून उतरणार आहात.

पूर्ण पायाचे की उघड्या टाचेचे

पूर्ण पायाचे फिन्स बुटासारखे पाय सरकवून घालायचे. हलके, स्वस्त, बॅगेत मावणारे. पाय आणि पातं यांच्यामध्ये दुसरा थर नसल्यामुळे ताकद वाया जात नाही. मालवणला किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला होडीतून उतरायचं असेल, पाणी उबदार असेल, तर यांच्यात काहीही वाईट नाही. आत पातळ मोजे घातले की टाच सोलवटत नाही.

पण किनाऱ्यावर हे फिन्स हातात असतात आणि पाय उघडे असतात. खडपावरच्या कालवांनी तळवा कापण्याचा अनुभव कोकणातल्या कुणालाही वेगळा सांगायला नको. काही जण काठापर्यंत चपला घालून जातात आणि तिथे सोडून देतात. भरती आली की त्या वाहून जातात, आणि प्रवाहामुळे शंभर मीटर पलीकडे बाहेर यावं लागलं तर परतीची वाट अनवाणी.

उघड्या टाचेच्या फिन्समध्ये निओप्रीनचे (फुगीर, लवचीक रबराचे) बूट घालून पाय घालायचा आणि मागे पट्टा ओढायचा. दोन वस्तूंचा खर्च होतो, वजन वाढतं, बूट वाळवावे लागतात. बदल्यात कारपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून कारपर्यंत तुम्ही माणसासारखे चालता. गोटे, खडक, प्रवाळाचे तुकडे किंवा तापलेली वाळू यांतलं काहीही वाटेत असेल, तर माझं मत ठामपणे उघड्या टाचेच्या बाजूने आहे. फक्त मऊ वाळूचा, उथळ उताराचा किनारा असेल तरच पूर्ण पायाचे चालतील.

मधला मार्ग म्हणून उघड्या टाचेचे, पण अनवाणी घालायचे फिन्सही मिळतात. प्रवासाला सोयीचे, पण चालण्याचा प्रश्न ते सोडवत नाहीत.

बूट: इथे कंजुषी नको

दुकानात दोन बूट शेजारी ठेवले तर दोन्ही काळे आणि दोन्ही निओप्रीनचे. उलटे करून तळ बघा. मोज्यासारखा मऊ तळ असलेला बूट होडीवर छान, पण गोट्यांवर प्रत्येक दगड टोचतो. किनाऱ्यासाठी तळ जाड, दातेरी रबराचा हवा, टाचेला आणि बोटांपाशी रबर वर आलेलं हवं. हाताने पिळून बघा. सहज दुमडला तर तो परत ठेवा.

उंचीचंही तसंच. घोट्याखाली संपणारा बूट घालायला सोपा, पण त्यात वाळू आणि खडे शिरतात, आणि दोन गोट्यांमध्ये पाय अडकला की घोट्याला आधार नसतो. घोट्यावर जाणारा घ्या. वेटसूटचा (ऊब देणाऱ्या निओप्रीनच्या पोशाखाचा) पाय बुटाच्या वरून घाला, म्हणजे आत वाळू जात नाही आणि बाहेर आल्यावर पाणी निथळून जातं. बाजूच्या चेनमध्ये वाळू अडकते. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने ती धुतली नाही तर एक दिवस ती हलणारच नाही.

जाडी ३ मिलिमीटर की ५? तुलांबेनचं पाणी बहुतेक वेळा २६ ते २९ अंश असतं. अंदमानातही पाणी असंच उबदार, म्हणून ३ पुरतं. तरीही मी ५ घेतले आहेत, कारण जाड बूट गोट्यांवर जास्त मार सहन करतो. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटाला जुलै ते ऑक्टोबरमध्ये पाणी कधीकधी २० अंशांच्या खाली जातं, तिथे तर हवेतच.

एक गैरसमज राहू नये. सी अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या समुद्री जिवाचे काटे जाड तळातूनही आरपार जाऊ शकतात, आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश हा विषारी मासा तर त्याहून घातक. बूट आहेत म्हणून कुठेही पाऊल टाकायचं नाही. वाळूत पाय उचलून न टाकता घासत पुढे न्यावा, म्हणजे खाली लपलेला स्टिंगरे (पाकट) बाजूला होतो.

पट्टा आणि पातं

पट्ट्याचे दोन प्रकार. बकलचा रबरी पट्टा स्वस्त, पण लाटेत एका हाताने तो लावणं-सोडणं कठीण. स्प्रिंगचा पट्टा महाग, पण बोट घालून खेचला की झालं. आणखी एक फायदा पाण्याखालीच कळतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीन दबून पातळ होतं आणि बकलचा पट्टा सैल पडतो. स्प्रिंग आपोआप आकसून घेते. किनाऱ्यावरून उतरणाऱ्याने थोडे पैसे वाचवायचेच असतील तर पात्यात वाचवावेत, पट्ट्यात नाही.

पातं म्हणाल तर चिरलेल्या पात्याचे फिन्स गुडघ्यांना हलके जातात, पण बेडकासारखा पाय मारताना आणि मागे सरकताना दगा देतात. तुलांबेनच्या काळ्या वाळूवर बारीक जीव शोधायचे तर तळ ढवळायला नको, तिथे आखूड, ताठ पातं हवं. १९६५पासून चालत आलेले जेट फिन अजून टिकून आहेत ते याच कारणाने. त्यांचं वजन मात्र जोडीला ३ किलोच्या आसपास. अंदमानातल्या श्री विजयपुरमच्या (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) विमानात १५ किलोच सामान न्यायचं असेल तर हलके फिन्स बघा. जड रबरी फिन बुडतो, लाटेत हातातून सुटला तर शोधावा लागतो, हेही लक्षात ठेवा. फ्रीडायव्हिंगचे (सिलिंडरशिवाय, श्वास रोखून मारायच्या बुडीचे) लांब फिन्स किनाऱ्यावर आणू नका.

माप

आधी बूट घ्या, मग तेच बूट घालून दुकानात जा. जाड तळाचा बूट फिनच्या खोबणीत शिरत नाही, आणि ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी फिन्सचं हेच होतं. आयुष्यभर चप्पल घातलेले आपले पाय पुढे रुंद असतात, म्हणून लांबी बरोबर असूनही बोटं दाबली जाऊ शकतात. बोटं दुमडली की पोटरीत गोळा येतो, आणि तो नेमका परतताना येतो.

भाड्याने घेत असाल तर केंद्राला आधीच विचारा की जाड तळाचे बूट तुमच्या मापात आहेत का. नसतील तर फक्त बूट स्वतःचे न्या, फिन्स त्यांचे घ्या. गोट्यांवर उतरताना फिन्स हातात, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारा तोंडाचा भाग) तोंडात आणि बीसीडीत हवा भरलेली. कमरेएवढ्या पाण्यात साथीदाराचा खांदा धरून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा आणि फिन चढवायचा. परतताना पाय टेकेपर्यंत फिन्स काढायचे नाहीत. लाट जोराची असेल तर सरळ हात-पाय टेकून रांगत बाहेर या.