बिल फुल इंजिनचं, काम हाफचं

फुल इंजिनचे 88,000 रुपये मोजले आणि गाडीत जे झालं ते हाफ इंजिनही धड नव्हतं. रत्नागिरी पट्ट्यात आंबा, मासळी नाहीतर चिऱ्याच्या भाड्यावर पिकअप चालवणारे बरेच जण आज याच पेचात आहेत. गाडी तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलीय, ऑइल खातेय, मग इंजिनचं काम हाफ करायचं की फुल? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझी बोलेरो पिकअप, 3,20,000 किलोमीटर झालेली. इंजिन कंपनीतून आलं तसंच, कधीच न खोललेलं. शिमग्याच्या आधी साखरपा सोडून आंबा घाटाला लागलं की आरशात निळा धूर दिसायला लागला. गॅरेजवाल्याने चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढलं, भकभक येणारी वाफ दाखवली आणि म्हणाला, "दादा, रिंगा गेल्यात. हाफमध्ये होईल, 32,000."

हाफ म्हणजे हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवायचं, व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून घट्ट बसवणं), सील, पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट, आणि क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याला, हात लावायचा नाही. फुल म्हणजे ब्लॉक खाली उतरवून लेथवाल्याकडे बोअर (झिजलेलं सिलिंडर आतून कापून सरळ करणं), त्याला बसणारे नवीन ओव्हरसाइज पिस्टन, क्रँकची मापं, गरज असेल तर ग्राइंडिंग, नवीन बेअरिंगं, ऑइल पंपाची तपासणी. खर्च अडीच-तीनपट होतो तो म्हणूनच.

हेड उतरल्यावर व्हॉट्सॲपवर फोटो आले. बेअरिंगचे शेल, म्हणजे क्रँक ज्यात फिरते त्या अर्धगोल पट्ट्या, घासून आतलं तांबं दिसणारे. पाठोपाठ फोन, "दादा, खालचं पण गेलंय. हाफ करून दिलं तर महिन्यात परत याल. फुलच करा." आता विचार करा, गाडी उघडी पडलीय, पेट्या वाशीला जायची वेळ तोंडावर आलीय, बागायतदार रोज फोन करतोय. अशा वेळी कोण म्हणेल की बांध परत, दुसरीकडे नेतो? कमी आकडा सांगून गाडी खोलायची आणि खोलल्यावर आकडा वाढवायचा, हा धंदा सगळा या अडचणीवर चालतो. खोलल्यावर खर्च वाढतो हे खरंच असतं, प्रत्येक गॅरेजवाला लबाड नसतो. पण वाढलेल्या आकड्याबरोबर मापं यायला हवीत. मला फोटो आले, मापं आली नाहीत.

गाडी मिळाली ती एका ओळीच्या कच्च्या पावतीवर, ‘फुल इंजिन काम 88,000’. वर सल्ला, "उद्यापासून बिनधास्त भार भरा." नवीन बोअर-पिस्टनच्या गाडीला सुरुवातीचे हजारेक किलोमीटर जपून चालवायचं असतं, पूर्ण भार घालून घाट चढवायचा नसतो आणि पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं. यातलं अक्षरही तो बोलला नाही.

हंगाम सरता सरता धूर परत आला. त्याहून वाईट म्हणजे गरम गाडी आयडलला (रेस न देता चालू) उभी राहिली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. या वेळी गाडी थेट कोल्हापूरला उद्यमनगरात नेली आणि इंजिन माझ्यासमोर खोलून घेतलं.

तिथल्या मिस्त्रींनी हेडला हात न लावता आधी चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, काढला. खालची कॅप सोडली, शेल उलटा केला. पाठीवर शिक्का होता स्टँडर्डचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाचा. क्रँक ग्राइंड केली असती तर ती बारीक होते, जाड शेल लागतात आणि तिथे पॉइंट पंचवीस किंवा पॉइंट पन्नास (मिलिमीटर) दिसलं असतं. म्हणजे क्रँक ग्राइंड झालीच नव्हती, आणि घासलेली जुनी बेअरिंगंच परत बसवली होती. मग मी गॅरेजचे ते जुने फोटो काढले. त्यातल्या एकात शेल पालथा पडलेला होता आणि मोठा करून पाहिला तर त्यावर पॉइंट पन्नासचा शिक्का. कधीच न खोललेल्या इंजिनात पॉइंट पन्नासचा शेल येणार कुठून? तो कुणा दुसऱ्याच्या गाडीचा होता.

वरचा भाग तर याहून बोलका निघाला. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडल्यावर तिथेही स्टँडर्ड. सिलिंडरमध्ये वरच्या टोकाला नख फिरवलं तर कडा लागत होती. रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत भिंत झिजते आणि त्याच्या वर न झिजलेली पायरी राहते. बोअर मारलं की ती जाते आणि भिंतीवर होनिंगच्या (दगडाने घासण्याच्या) तिरप्या रेघा दिसतात. माझ्यात पायरी तशीच होती, आणि नवीन रिंग तिच्यावर आपटून एका सिलिंडरमधली वरची रिंग तुटलेली होती. झालं होतं ते एवढंच: हेड, गॅस्केट, रिंगा.

गंमत अशी की गाडीला फुलचीच गरज होती. बोअर झिजलेलं होतंच, बेअरिंगंही बदलायला झालेली. क्रँक मात्र मापात होती, नुसत्या पॉलिशवर भागली. गॅरेजवाल्याचा तोंडी निष्कर्ष बरोबर होता, पण तो त्याने माझ्या इंजिनची मापं न दाखवता, दुसऱ्याच्या शेलच्या फोटोवर सांगितला होता.

म्हणून खोलण्याआधीच काय काय करून घेता येतं ते सांगतो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला हवेचा दाब) मोजून कागदावर मागा. आकड्यापेक्षा आकड्यांतला फरक जास्त सांगतो. चारही एकसारखे आणि चांगले असतील तर धूर दुसरीकडून येत असतो, आणि टर्बोच्या गाडीत टर्बोचं सील हा पहिला संशयित. टर्बोकडून निघणारा होज काढून आत ऑइल किती साचलंय ते पाहणं काही मिनिटांचं काम आहे. टर्बोच्या दुखण्यावर इंजिन बांधून दिलेली गाडी मी आमच्या भागातच पाहिलीय. दुसरी गोष्ट ऑइल प्रेशर. इंजिन गरम करून गेज लावायला सांगा. दर हजार आरपीएमला (इंजिनचे मिनिटाचे फेरे) 10 पीएसआय दाब असा मिस्त्रींचा ढोबळ हिशोब आहे. गरम गाडीला प्रेशर नीट असेल आणि खालून ठोका नसेल, तर हाफचा विचार करायला जागा आहे, तीही बोअर मापात असेल तरच. झिजलेल्या बोअरमध्ये नवीन रिंगा म्हणजे पैसे पाण्यात. धूर काळा असेल तर आधी एअर फिल्टर, नोझल बघा. पांढरा धूर आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. यातल्या कशालाच फुल इंजिन लागत नाही.

आणि एक आपल्या किनाऱ्यापुरतं. मासळी वाहणाऱ्या गाडीचं चेसिस इथल्या खाऱ्या हवेत इंजिनाआधी जातं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. खालून हातोडीने ठोकून बघा, पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील तर हाफ-फुलचा वादच सोडा, तो खर्च त्या गाडीत घालूच नका. काम करायचंच असेल तर जून-जुलैत करा. तेव्हा आंबा संपलेला असतो, मासेमारी बंद असते आणि गाडी खोलून पडली तरी तुम्ही अडत नाही.

काम देताना लेथवाल्याची वेगळी पावती मागा, तिच्यावर बोअर आणि क्रँकची मापं लिहून. पिस्टन-बेअरिंगचे डबे आणि सगळे जुने पार्ट ताब्यात घ्या. बांधण्याआधी शिक्क्यांचे फोटो स्वतः जाऊन काढा.

कोल्हापूरची मापं, शिक्क्यांचे फोटो, कच्ची पावती आणि व्हॉट्सॲपचे संदेश घेऊन मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिलीय. भाड्याची गाडी म्हणजे व्यवसाय, तुम्ही ग्राहक नाही, असं गॅरेजवाला म्हणतोय. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू व्यवसायाच्या धरत नाहीत, आणि माझी गाडी मीच चालवतो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. निकाल लागायचाय, म्हणून गॅरेजचं नाव इथे लिहिलेलं नाही.