शिमानो एमटी२०० आणि त्याचे पॅड : सोलापूरच्या धुळीत काय चालतं

सोलापूर आणि आसपासच्या माळरानावर माउंटन बाइक चालवणाऱ्याला शिमानोचा एमटी२०० हा दोन पिस्टनचा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा ब्रेक पुरेसा आहे. सोबत रेझिन पॅड (राळेत बांधलेल्या मऊ मिश्रणाचे), आणि ते ज्या पोलादी चकतीला घासतात तो रोटर पुढे १८० मिलिमीटरचा, मागे १६० चा. हा संच नीट बसवला की चार पिस्टनच्या ब्रेकवर पैसे घालायचं कारण इथल्या बहुतेकांना उरत नाही. मेटल (धातूच्या भुकटीच्या) पॅडवर घालायचं तर मुळीच नाही, आणि तरीही दुकानात सगळ्यात आधी मागितले जातात ते मेटल पॅडच.

आधी इथली जमीन बघा. हिप्परगा तलावाच्या बाजूचे कच्चे रस्ते, नान्नजकडचं माळरान, उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या गाडीवाटा. मुरूम, बारीक धूळ, वळणावर अचानक सैल खडी. ब्रेक वारंवार लागतो, पण क्षणभर. सलग दाबून धरावा असा लांब उतार म्हटला तर तुळजापूरचा घाट, आणि तोही लवकर संपतो. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो धरले, तर १०० मीटर उंचीवरून खाली येताना सुमारे ८८ हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्यातला काही भाग वारा खातो, उरलेला पुढच्या-मागच्या रोटरमध्ये वाटला जातो. आलटून-पालटून ब्रेक मारले तर रेझिन पॅड हे सहज सोसतो.

मे महिन्यातल्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांमुळे ब्रेक कमी लागतो, हा समज इथे पक्का आहे, पण तो चुकीचा आहे. जोरात ब्रेक मारताना रोटर दोनशे अंशांच्या पुढे जाऊ शकतो. त्यापुढे हवा वीस अंशांनी जास्त गरम असणं किरकोळ आहे. उन्हात उभी केलेली सायकल परत घेतल्यावर चाक घासत असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. पॅड झिजलेले असताना कुणीतरी लिव्हरच्या टाकीत तेल काठोकाठ भरलेलं असतं. मग नवे पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलले की त्या जास्तीच्या तेलाला जागा उरत नाही. उन्हात तेल फुगतं, पिस्टन पुढे सरकतात आणि पॅड रोटरला टेकतात. इलाज सोपा आहे. पिस्टन पूर्ण मागे ढकलून, मध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन मागेच रोखणारा ठोकळा) अडकवून मगच तेलाची पातळी ठरवायची.

आता पॅड. एमटी२०० ला लागणारा आकार बी मालिकेचा, म्हणजे पूर्वीचा बी०१एस आणि त्याच्या जागी आलेला बी०५एस. दोन्ही रेझिनचे आणि एकमेकांच्या जागी बसणारे. दुकानात ‘एमटी२०० चा पॅड द्या’ एवढंच म्हणून थांबू नका, जुना पॅड काढून त्याच्या मागच्या पत्र्यावरचा नंबर दाखवा. दिसायला सारखे वाटणारे पॅड एखाद-दोन मिलिमीटरच्या फरकाने अडकतात, आणि ठोकून बसवले की पिस्टन तिरका होतो.

रेझिन पॅड थंड असतानाही पहिल्याच दाबाला पकडतो, आवाज कमी करतो, रोटर कमी खातो आणि उष्णता तेलाकडे कमी जाऊ देतो. मेटल पॅड उष्णतेत आणि चिखलात जास्त टिकतो, पण थंड असताना त्याची पकड कमी असते, रोटरवर रुळायला वेळ लागतो, कुरकुर जास्त. इथलं रायडिंग क्षणभर ब्रेक मारण्याचं, म्हणजे पॅड बहुतेक वेळ थंडच. मेटलचा जो गुण आहे तो इथे वर्षातले मोजके दिवस उपयोगी पडतो.

मोठी अडचण रोटरची आहे. एमटी२०० सोबत साधारणपणे येणारे आरटी१०, आरटी२६, आरटी३० हे रोटर फक्त रेझिन पॅडसाठी आहेत. रोटरवर इंग्रजीत ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं, धूळ पुसली की दिसतं. त्यांचं पोलाद मऊ असतं. या आकाराचे मेटल पॅड मिळतात आणि ‘जास्त टिकतो’ म्हणून खपतात. मऊ रोटरवर ते लावले की पॅड टिकतो आणि रोटर जातो. नवा शिमानो रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ ला बदलायचा असतो, म्हणजे हाताशी फक्त ०.३ मिलिमीटर. मेटल लावायचाच असेल तर सहा बोल्टचा आरटी६६ किंवा सेंटरलॉकचा (मधल्या एकाच रिंगने बसणारा) आरटी६४ आधी घ्या.

पुढे १८० चा रोटर का? त्रिज्या वाढली की त्याच बोटाच्या जोरात ब्रेकिंग वाढतं. १६० वरून १८० ला गेलं की साडेबारा टक्के. पॅड बदलून इतकी ठाम वाढ क्वचितच मिळते. सोबत योग्य अडॅप्टर लागतो, आणि फोर्क १८० सोसतो का हे फोर्कच्या माहितीपत्रकात बघायलाच हवं. २०३ चा मोह मात्र टाळा. मोठा रोटर सायकल आडवी पडली की लवकर वाकतो आणि मग चाकाच्या प्रत्येक फेरीला ‘टिंग टिंग’ करतो.

पॅड बदलणं घरी जमतं. चाक काढा. जुने पॅड जागेवर असतानाच प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने ते बाहेरच्या बाजूला ढकला, म्हणजे पिस्टन सरळ मागे जातात. उघड्या पिस्टनवर स्क्रू ड्रायव्हर लावला तर कड तुटू शकते. पिन सरळ करून ओढा, पॅड आणि मधली स्प्रिंग काढा. पिस्टनच्या कडेला साचलेली काळी धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कानकाडीने पुसा. इथल्या बारीक धुळीत हे काम महत्त्वाचं आहे, कारण एका बाजूचा पिस्टन अडकला की एकच पॅड झिजतो आणि रोटर एका बाजूला ढकलला जातो. नवे पॅड स्प्रिंगसकट घाला, पिन टाका, तिचं टोक वाकवा, चाक बसवा, आणि लिव्हर घट्ट लागेपर्यंत हळूहळू दाबा. चाक नसताना लिव्हर दाबू नका. पिस्टन बाहेर येतात आणि रोटर आत जायला जागाच राहत नाही.

कॅलिपर (पिस्टन आणि पॅड ज्यात असतात तो भाग) रोटरच्या मध्यभागी आणायला त्याचे दोन्ही बोल्ट जरा सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट थोडे-थोडे, आलटून-पालटून आवळा, शेवटी ६ ते ८ न्यूटन-मीटरला. तरी घासत असेल तर कॅलिपरमागे पांढरा कागद धरून फट बघा आणि हाताने सरकवा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. नवा पॅड ‘बसवायचा’ असतो, म्हणजे त्याचा पातळ थर रोटरवर चढू द्यायचा असतो. पहाटे होटगी रस्त्यासारख्या सरळ, मोकळ्या डांबरी रस्त्यावर साधारण वीसच्या वेगाने जा आणि चाक न अडकवता, घट्ट पण हळूहळू ब्रेक मारून चालण्याच्या वेगावर या. पूर्ण थांबायचं नाही. हे वीस वेळा. मग जरा जास्त वेगाने दहा वेळा. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा. हे न करता थेट उताराला गेलं की पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ब्रेक ओरडतो. तसं झालंच तर सपाट फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पॅड गोल-गोल फिरवा, चकाकी गेली की थांबा, आणि पुन्हा पहिल्यापासून बसवा.

ओरडण्याचं दुसरं कारण तेल, आणि सोलापुरात हे जास्त दिसतं. सायकल दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर दिली जाते, तिथे डिझेलचा फवारा मारतात. चेनवर स्प्रे मारताना उडालेले थेंबही तेच करतात. रेझिन पॅड सच्छिद्र असतो, आत गेलेलं तेल बाहेर येत नाही. गॅसवर भाजणं, साबणात उकळणं हे उपाय दोन दिवस फसवतात. पॅड फेका, रोटर आयसोप्रोपिलने दोनदा पुसा, दरवेळी स्वच्छ कापड घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल वापरतात, तिथे चौकशी करा. हातावरचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं.

तेलाबद्दल आणखी एक, आणि हे जिवाशी गाठ असलेलं. शिमानो आणि टेक्ट्रोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये असतं ते डॉट-३ किंवा डॉट-४ हे वेगळ्या जातीचं ब्रेकचं तेल. ते एमटी२०० मध्ये घातलं की रबरी सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. उलट स्रॅम कंपनीच्या लेव्हल, गाइड, कोड या ब्रेकना डॉट ५.१ लागतं, त्यात मिनरल ऑइल चालत नाही. मिस्त्री कितीही ओळखीचा असो, बाटली बघितल्याशिवाय ब्लीडिंग (तेल बदलून आतली हवा काढणं) करू देऊ नका. मिनरल ऑइलची १०० मिलीची बाटली स्वतःकडे ठेवलेली बरी. आणि पंक्चर काढताना सायकल उलटी करून ठेवलीत तर सरळ केल्यावर लिव्हर चार-सहा वेळा दाबून बघा. टाकीतली हवा नळीत गेली असेल तर लिव्हर मऊ लागते.

एमटी२०० चे दोष आहेतच. लिव्हरमध्ये सर्वो-वेव्ह (दाबताना जोर वाढवत नेणारी रचना) नाही, त्यामुळे वरच्या दर्जाच्या ब्रेकसारखी एका बोटात करकचून पकड येत नाही. लिव्हर किती दाबल्यावर ब्रेक लागावा हे बदलता येत नाही. वजनदार माणसाला, किंवा पाठीवर आणि कॅरिअरवर सामान लादून फिरणाऱ्याला, हे जाणवतं.

त्यांच्यासाठी, आणि पावसाळ्यात सायकल गाडीवर टाकून सह्याद्रीच्या घाटांत जाणाऱ्यांसाठी, एमटी५२० हा चार पिस्टनचा ब्रेक योग्य आहे. त्यात डी०३एस हा रेझिन आणि डी०२एस हा मेटल असे दोन्ही पर्याय आहेत. मेटल पॅडचे पैसे तिथे वसूल होतात. ओल्या चिखलात वाळूचे कण रेझिनला पॉलिश पेपरसारखे खरवडतात आणि एका लांब दिवसात पॅड पत्र्यापर्यंत येऊ शकतो. रोटर अर्थातच मेटल चालणारा हवा.

केबलवर चालणारे मेकॅनिकल डिस्क ब्रेक स्वस्त सायकलींवर असतात. त्यांतल्या बहुतेकांत एकच पॅड हलतो आणि रोटरला वाकवून दुसऱ्यावर दाबतो. आतला स्थिर पॅड आधी रोटरच्या अगदी जवळ आणा, मग केबल ताणा. केबल ताणूनच काम भागवलं तर रोटर रोज वाकत राहतो.

परतीच्या पावसात काळ्या मातीतून जाणार असाल तर निघण्यापूर्वी टॉर्च मारून पॅड बघा. घासणारा थर ०.५ मिलिमीटरवर आला असेल तर तो त्याच दिवशी बदला. जादा जोडी सोबत न्यायची तर बंद पिशवीत, आणि चेनच्या तेलाची बाटली ज्या कप्प्यात आहे त्या कप्प्यात नाही.