उद्यमबागेतल्या सहा भट्ट्या आणि एक आरएस-४८५ कन्व्हर्टर : आठ महिन्यांनंतर

बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक भागात आमचं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे धातूचा माल भट्टीत तापवून-थंड करून कडक किंवा चिवट करायचं, शेड आहे. भट्ट्या सहा. हल्ली जवळजवळ प्रत्येक ग्राहक मालाबरोबर तापमानाचा आलेख मागतो. पूर्वी पोरं दर अर्ध्या तासाला वहीत आकडे लिहायची. भट्ट्यांचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरना मागे आरएस-४८५ची, म्हणजे तारांवरून उपकरणांचे आकडे पाठवायच्या एका स्टँडर्डची, टर्मिनलं होतीच. ती ऑफिसातल्या पीसीला जोडायला यूएसबी कन्व्हर्टर घेतला.

पहिला सगळ्यात स्वस्त होता, दीड महिना टिकला. मे महिन्यात वळीव आला, खानापूर रोडकडे कडाडून वीज पडली आणि कन्व्हर्टरबरोबर पीसीचा यूएसबी पोर्टही गेला. आमच्या शेडचं अर्थिंग वेगळं, ऑफिसचं वेगळं. दोघांत अचानक फरक पडला की तो याच बारीक तारेतून वाट काढतो. आरएस-४८५ला उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. मग तिपटीहून जास्त पैसे देऊन आयसोलेटेड कन्व्हर्टर घेतला. यात पीसीची बाजू आणि तारेची बाजू विजेच्या दृष्टीने तुटलेली असते, सिग्नल तेवढा पलीकडे जातो. तेव्हापासून अख्खा पावसाळा गेला, कितीदा लाईट गेली-आली, पण हा अजून ठणठणीत आहे.

सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांसारखं आरएस-२३२ (आकडे पाठवायचं जुनं स्टँडर्ड) का नाही, असं शेजारच्या शेडवाल्यांनी विचारलं. ते १९६०चं स्टँडर्ड. त्यात एका तारेचा व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत मोजतात, म्हणून १५ मीटरच्या पुढे भरवसा राहत नाही. आमची शेवटची भट्टी ७० मीटरवर आहे. १९८३च्या आरएस-४८५मध्ये पीळ दिलेल्या दोन तारांमधला फरक मोजतात. कॉन्टॅक्टर, म्हणजे भट्टीचा विजेवर चालणारा मोठा स्विच, खटकन पडला की गोंधळ दोन्ही तारांत सारखाच शिरतो, फरक तसाच राहतो. वेग कमी ठेवला तर १२०० मीटरपर्यंत जाता येतं आणि एका तारेवर ३२ उपकरणं बसतात.

जोडताना मात्र घाम निघाला. पहिल्या दिवशी एकही कंट्रोलर बोलेना. आमचे मिस्त्री म्हणाले, "वायर उलटी लावून बघूया की ओ." तसं केलं आणि तीन भट्ट्या लगेच दिसल्या! ए आणि बी ही अक्षरं कंपन्या आपापल्या मर्जीने छापतात. स्टँडर्डमध्ये ए म्हणजे उणे, पण बऱ्याच चिपांवर ए म्हणजे अधिक. उरलेल्या तीन कंट्रोलरची पॅरिटी, म्हणजे चूक पकडायला प्रत्येक बाइटसोबत जाणाऱ्या जादा बिटची सेटिंग, वेगळी होती. कंट्रोलर ज्या भाषेत बोलतात त्या मॉडबसमध्ये मूळची पॅरिटी इव्हन (सम), आमच्या जुन्या कंट्रोलरना नन, म्हणजे पॅरिटीच नाही, अशी लावलेली. आता सगळ्यांचा वेग सेकंदाला ९६०० बिट आणि पॅरिटी इव्हन.

यानंतरची अडचण कुणी आधी सांगितली असती तर दोन आठवडे वाचले असते. सिग्नल तारेच्या टोकावरून उलटा फिरू नये म्हणून पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले, तर चुका उलट वाढल्या. कारण असं : कुणीच बोलत नसताना हे रेझिस्टर दोन तारांमधला फरक शून्याकडे ओढतात, आणि २०० मिलिव्होल्टच्या आत काय समजायचं हे रिसीव्हरला ठरलेलं नसतं. तो भलतेच बाइट ऐकतो. कन्व्हर्टरमधली बायस, म्हणजे लाईन रिकामी असताना तारांमध्ये ठरावीक फरक धरून ठेवणारी ओढ, फार कमजोर निघाली. बाहेरून ५६० ओहमचे दोन लावले, एका तारेला ५ व्होल्टकडे आणि दुसरीला ग्राउंडकडे ओढणारे, आणि लाईन शांत झाली. खरं तर ७० मीटर आणि ९६०० वेगाला टोकाच्या रेझिस्टरशिवायही चाललं असतं.

तक्रारी दोनच. यूएसबीचं भोक बदललं की कॉम पोर्टचा नंबर बदलतो आणि नोंदी थांबतात. म्हणून त्या भोकाजवळ मराठी आणि कन्नड दोन्हीत "इथेच लावा" अशी चिठ्ठी चिकटवली आहे. दुसरी, टर्मिनलचे स्क्रू भट्टीजवळच्या कंपनाने सैल होतात. आम्ही तारांच्या टोकांना लग, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबून बसवले, तरी महिन्यातून एकदा पेचकस फिरवावाच लागतो.

गेल्या आठवड्यात एका ग्राहकाने ऑगस्टमधल्या एका चार्जचा, म्हणजे भट्टीत एका वेळी घातलेल्या मालाचा, आलेख मागितला. रात्री पावणेतीनला लाईट गेल्याची खाच त्यात स्पष्ट दिसत होती. तो चार्ज आम्ही तेव्हाच पुन्हा टेंपरिंगला, म्हणजे कडक झालेला माल कमी तापमानाला तापवायला, घातला होता, तेही पुढच्याच पानावर नोंदलेलं होतं. सातवी भट्टी मार्चमध्ये येतेय, तिच्यासाठी तार आत्ताच ओढून ठेवली आहे.